पगारातून चित्र घेताना

"चित्र विकत घेतोय" असं घरात जाहीर केलं की पहिला प्रश्न "केवढ्याला?" असा येत नाही, "लावणार कुठे?" असा येतो. सतरा वर्षांपूर्वी आईनं हा प्रश्न विचारला तेव्हा मला तो अरसिक वाटला होता. आता भिंतींवर, कपाटामागे आणि पलंगाखाली मिळून पंचवीसेक चित्रं जमली आहेत, आणि त्या दिवशी खोलीत सर्वांत व्यवहारी माणूस आईच होती हे मान्य करावं लागतं.

मी नोकरदार आहे. चित्र काढता येत नाही, चित्रांच्या धंद्यात कुणी नातेवाईक नाही. दिवाळीच्या बोनसमधून जे उरतं त्यातून वर्षाला एखाद-दुसरं चित्र घेतो, एखादं वर्ष कोरडंही जातं. छापील पोस्टरऐवजी कुणाच्या तरी हातचं चित्र घरात हवं असं ज्यांना वाटतं, पण गॅलरीच्या काचेच्या दाराशी ज्यांचा पाय अडखळतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. पैसे मोजताना हे चित्र कधीच विकलं जाणार नाही असं धरायचं. कागदपत्रं ठेवताना मात्र ते उद्या सकाळीच विकायचं आहे असं समजायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. भाव वाढेल म्हणून घेतात आणि पावती चहाच्या डागासकट हरवतात.

बातमीतला बाजार आणि आपला बाजार

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' हे चित्र १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर गेलं, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरात सॅफ्रनआर्टच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र ६७ कोटींवर विकलं गेलं. याच गायतोंड्यांच्या एका चित्राला २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात २३ कोटी ७० लाख मिळाले तेव्हाही वर्तमानपत्रांनी डोळे विस्फारले होते. अशा बातम्या वाचून ऑफिसातला कुणीतरी हमखास म्हणतो, "शेअरपेक्षा हेच बरं दिसतंय."

बरं नाही. हा बाजार मोजक्या, बहुतेक दिवंगत नावांचा आहे. त्यांची नवी चित्रं आता निर्माण होणार नाहीत, आणि घेणारे श्रीमंत वाढत चालले आहेत. तुम्ही पंधरा हजारांना घेतलेल्या चित्राचा त्या बाजाराशी संबंध असेल तर तो गल्लीतल्या क्रिकेटचा वानखेडेशी असतो तेवढाच. 'ग्राम यात्रा' १९५४ मध्ये ज्या डॉक्टरांनी घेतलं, त्यांनी ते नॉर्वेला नेलं आणि पुढे रुग्णालयाला देऊन टाकलं. तिथे ते कित्येक दशकं पडून होतं. कोटींची गणितं त्या खरेदीत कुठेच नव्हती.

शिवाय बाजार वर जातो तसा खालीही येतो. २००५ ते २००८ या काळात आपल्याकडे समकालीन चित्रकारांचे भाव वेड्यासारखे चढले, चित्रांत पैसे गुंतवणारे फंड निघाले, आणि २००८च्या मंदीत सगळा फुगा बसला. २०२१ मध्ये डिजिटल चित्रांच्या टोकनांची (एनएफटी) लाट आली तीही ओसरली. २०२४ मध्ये जगभरातली कलाविक्री १२ टक्क्यांनी घटली, आणि त्याच सुमारास आपल्याकडे जुन्या उस्तादांचे विक्रम होत होते. दोन्ही खरं आहे. आपल्या खिशाला यातलं काहीच लागू होत नाही, हेही खरं आहे.

आपल्या थरावर बदल झालाय तो निराळाच. चित्रकार आता इन्स्टाग्रामवरून थेट विकतात. लिलावगृहं कमी किमतीची चित्रंही ऑनलाइन काढतात. आणि हातचं चित्र म्हणून छापील माल खपवणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय. त्यावर पुढे येतोच, कारण तिथे माझेही हात भाजलेत.

पहिली पायरी: सहा महिने फक्त बघा

खिशाला हात लावू नका. शनिवारी मुंबईतल्या काळा घोड्याला जा. १९५२ पासून उभी असलेली जहांगीर आर्ट गॅलरी, समोरच्या बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, पलीकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हे सगळं पायी फिरून होतं. जानेवारीत मुंबईतल्या खासगी गॅलऱ्या मिळून 'गॅलरी वीकेंड' करतात. तेव्हा एरवी बेल दाबून आत जावं लागतं अशा जागांतही सहज शिरता येतं. पुण्यात बालगंधर्व आणि सुदर्शन कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक. साताऱ्याकडे जाणं झालं तर औंधचं संग्रहालय चुकवू नका. औंधच्या पंतप्रतिनिधींनी हौसेनं जमवलेला संग्रह आहे. रविवर्मा, धुरंधर तिथे जवळून बघता येतात, आणि एका माणसाची आवड म्हणजे काय असते तेही कळतं.

बघताना एक साधी वही ठेवा. आवडलेल्या चित्राचं नाव, चित्रकार, माध्यम, आकार, किंमत. गॅलरीत किंमत भिंतीवर नसते, टेबलावरच्या यादीत असते. "प्राइस लिस्ट बघू का?" असं विचारण्यात काहीही कमीपणा नाही, रोज वीस जण विचारतात. सहा महिन्यांनी वही उघडली की दोन गोष्टी दिसतात. कोणत्या आकाराला, कोणत्या माध्यमाला साधारण काय भाव आहे ते समजतं. आणि आपल्याला नक्की काय आवडतं तेही कळतं, जे आपण समजत होतो त्याहून बरेचदा वेगळं असतं. मला वाटायचं मी निसर्गचित्रांचा माणूस. वहीत सलग अकरा नोंदी काळ्या-पांढऱ्या छापचित्रांच्या निघाल्या (छापचित्र म्हणजे काय ते पुढे सांगतो).

दुसरी पायरी: पैशांचा खरा हिशोब

वीस हजार बाजूला ठेवलेत म्हणजे वीस हजारांचं चित्र घेता येत नाही. फ्रेम, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) आणि काच मिळून मध्यम आकाराला दोन ते चार हजार सहज जातात. चित्र बाहेरगावाहून येणार असेल तर पॅकिंग आणि कुरिअर. जीएसटी वेगळा. हातानं काढलेली चित्रं, मूळ छापचित्रं आणि शिल्पं यांच्यावर तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय. आपल्यासारख्यांच्या दृष्टीनं गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत चांगली बातमी. जीएसटी नोंदणी नसलेला चित्रकार थेट विकतो तेव्हा कर लागत नाही, गॅलरी मात्र लावते. म्हणून किंमत विचारताना "करासकट की करावेगळी?" हे लगेच विचारा.

लिलावात तर हा हिशोब आणखी फसवा असतो. हातोडा पडतो ती किंमत शेवटची नसते. तिच्यावर लिलावगृहाचा खरेदीदाराकडून घ्यायचा प्रीमियम बसतो, साधारण २० टक्क्यांच्या घरात, आणि मग चित्रावर व प्रीमियमवर कर. १ लाखावर बोली थांबली तर हातात पडेपर्यंत सव्वा लाखाच्या पुढे जातं. त्यामुळे बोली लावण्याआधी कागदावर उलटी वजाबाकी करा आणि तो आकडा बायकोला किंवा नवऱ्याला सांगून ठेवा. रात्री साडेनऊला उलटमोजणी चालू असताना माणूस स्वतःशी प्रामाणिक राहत नाही.

तिसरी पायरी: कुठून घ्यायचं

सुरुवात विद्यार्थ्यांपासून करा असं मी सगळ्यांना सांगतो. १८५७ मध्ये स्थापन झालेलं मुंबईचं सर जे. जे. स्कूल, पुण्याचं अभिनव, कोल्हापूरचं कलानिकेतन, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कला महाविद्यालयं, सगळीकडे वार्षिक प्रदर्शनं होतात आणि ती सगळ्यांना खुली असतात. तीन हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत खरोखर चांगलं काम मिळतं. त्या मुलाचं किंवा मुलीचं पुढे काय होईल कुणीच सांगू शकत नाही. बरेच जण ॲनिमेशनमध्ये जातात, काही चित्रकला शिक्षक होतात, एखादाच चित्रकार म्हणून टिकतो. पण भिंतीवरचं चित्र त्यानं कमी होत नाही.

जहांगीरसारख्या ठिकाणी बहुतेक चित्रकार दालन भाड्यानं घेऊन आठवडाभर प्रदर्शन भरवतात. त्या आठवड्यासाठी काही वर्षं रांगेत थांबलेले असतात. मंगळवारी उघडतं, सोमवारी संध्याकाळी आवरतात. याचा मोठा फायदा म्हणजे चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो आणि बोलायला मोकळा असतो. मंगळवार-बुधवारी गेलात तर निवड सगळी मिळते. चित्र ठरलं की त्याच्या शेजारी लाल टिकली लागते, आगाऊ रक्कम द्यायची आणि सोमवारी उरलेले पैसे देऊन चित्र घेऊन जायचं, अशी रीत आहे. बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसणाऱ्यांकडे नाक मुरडून पुढे जाऊ नका. तिथे पर्यटकांसाठीचे घोडे आणि बुद्ध खूप असतात, पण मला तिथे मुंबईची जलरंगातली दोन अस्सल चित्रं सापडली आहेत.

गॅलरीतून घेतलं तर महाग पडतं असा समज आहे. गॅलरी किमतीतला तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतचा वाटा घेते हे खरं. पण चांगला चित्रकार स्टुडिओत आणि गॅलरीत किंमत एकच ठेवतो. "गॅलरीला टाळून घरी येतो, कमी करा" असं त्याला म्हणू नका. तुम्ही त्याला त्याच्या वर्षभराच्या आधाराशी बेइमानी करायला सांगत असता, आणि तो "हो" म्हणाला तर त्याच्या बाकीच्या शब्दावर तुम्ही का भरवसा ठेवावा?

वारली आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची जुनी परंपरा) यांच्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपण मराठी लोक घराजवळच्या या गोष्टी दुकानातून, नाव नसलेल्या अवस्थेत घेतो. वारली चित्र मुळात लग्नाच्या वेळी बायकांनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढायचं. सत्तरच्या दशकात ते कागदावर आलं, जिव्या सोमा मशे यांनी त्याला जगात नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज डहाणू, तलासरी, जव्हारकडे स्वतःच्या नावानं काम करणारे कितीतरी चित्रकार आहेत. कपबशीवरच्या वारलीत आणि त्यांच्या चित्रात फरक ओळखायचा तर गर्दी बघा. चांगल्या कामात तारपा या वाद्याभोवतीच्या नाचातली प्रत्येक आकृती वेगळी वाकलेली असते. दुकानी कामात एकच आकृती शंभरदा उमटलेली दिसते. चित्रकाराचं नाव, गाव आणि सही याशिवाय घेऊ नका. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळींनी चित्रकथी जिवंत ठेवलीय. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. गोव्याला जाताना वाट वाकडी करून तिथे थांबता येतं आणि समोर बसून नवं चित्र घेता येतं.

नवं, हा शब्द इथे महत्त्वाचा. "वाड्यात सापडलेली जुनी चित्रकथी" असं सांगत कुणी पोतडी उघडली तर हात मागे घ्या. शंभर वर्षांहून जुनी चित्रं १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. त्यांची नोंदणी लागते, विकणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. बहुतेक वेळा ती जुनी नसतातच, चहाच्या पाण्यात बुडवलेली असतात. पण खरी निघाली तर पंचाईत जास्त.

छापचित्र: गरिबाचा उस्ताद

मोठ्या नावाची ओढ असेल आणि पैसे बेताचे असतील तर छापचित्र हा सरळ मार्ग आहे. छापचित्र म्हणजे पोस्टर नव्हे. चित्रकार जस्ताच्या पत्र्यावर, लाकडावर, दगडावर किंवा रेशमी पडद्यावर काम करतो आणि त्यावरून ठराविक प्रती काढतो. प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीनं सही आणि क्रमांक असतो. १२/५० म्हणजे पन्नासातली बारावी. चित्रकारानं स्वतःसाठी ठेवलेल्या जादा प्रतींवर 'ए. पी.' लिहिलेलं असतं. क्रमांक लहान म्हणून प्रत भारी, असं काही नसतं. एकूण प्रती किती हे महत्त्वाचं. पन्नास आणि पाचशे यांत फरक आहे.

पत्र्यावरून काढलेल्या छापात कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब बोटाला लागतो. पडद्यावरून काढलेल्या छापात रंग सपाट, भरीव थरांत बसलेला दिसतो. सराफाकडे असतं तसं दहापट भिंग तीन-चारशे रुपयांत मिळतं, ते खिशात ठेवा. भिंगातून फुलासारख्या रचनेत रंगीत ठिपके दिसले तर ते ऑफसेटवर छापलेलं पोस्टर आहे. बारीक फवाऱ्यासारखे ठिपके दिसले तर इंकजेट. चित्रकारानं इंकजेट प्रतीवरही सही आणि क्रमांक घातलेला असतो, आणि तशी घ्यायला हरकत नाही. पण तिची किंमत एचिंगची, म्हणजे पत्र्यावरून काढलेल्या छापाची, देऊ नका.

आता माझी फजिती. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'कॅनव्हासवर मूळ रंगकाम' असं लिहिलेलं बनारसच्या घाटाचं चित्र मी बावीस हजारांना घेतलं. फोटोत ब्रशचे फटकारे ठळक दिसत होते. घरी आल्यावर संध्याकाळी टॉर्च आडवा धरला तेव्हा फटकारे वेगळ्याच दिशेनं चालले होते आणि खालच्या चित्रातली होडी वेगळ्या. भिंग लावलं, ठिपकेच ठिपके. छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेल फासून फटकाऱ्यांचा देखावा केला होता. विक्रेत्यानं "हातानं सजवलेलं आहे, तसं खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं" असं सांगितलं, आणि लिहिलं होतंच. पैसे गेले. आता तर खालचं चित्रही यंत्रानं दोन मिनिटांत बनवलेलं असू शकतं. म्हणून न पाहता घ्यायचं असेल तर तीन फोटो मागवा: आडव्या उजेडातला, चारही कडांचा आणि मागच्या बाजूचा. खरा चित्रकार अर्ध्या तासात पाठवतो, वर काम चालू असतानाचे दोन जास्तीचे. टाळाटाळ झाली की समजायचं.

मोठ्या नावांच्या नकला तर सर्रास आहेत. २००९ मध्ये दिल्लीतल्या एका गॅलरीत सय्यद हैदर रझा स्वतःच्या चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची चित्रं आपली नाहीतच असं त्यांच्या लक्षात आलं. चित्रकार जिवंत असताना ही गत, मग त्याच्या माघारी काय विचारता! कुणी ओळखीतून पन्नास हजारांत हुसेनचं रेखाचित्र देऊ करत असेल तर चहा प्या आणि घरी या.

चौथी पायरी: भाव, बोलणं आणि घासाघीस

आपल्याकडे बरेच चित्रकार चौरस इंचावर भाव लावतात. १८ बाय २४ इंचांचं चित्र ४३२ चौरस इंच भरतं. चाळीस रुपयांचा दर असेल तर सतरा हजारांच्या आसपास. कागदापेक्षा कॅनव्हासचा दर चढा असतो. हे कळलं की यादीतले आकडे अंगावर येत नाहीत. दर योग्य आहे का ते तपासायला गेल्या दोन-तीन प्रदर्शनांत तो काय होता ते विचारा. दरवर्षी थोडा-थोडा वाढत आलेला दर निरोगी. वर्षात तिप्पट झाला असेल तर कारण विचारा.

"शेवटचं किती?" हा मंडईतला प्रश्न इथे विचारू नका. त्याऐवजी खरं सांगा: "सर, माझ्याकडे बारा हजार आहेत. या मालिकेतलं त्यात बसेल असं लहान काम आहे का?" दहापैकी सात वेळा काहीतरी निघतं, टेबलाखालच्या फोल्डरमधून, आणि कधीकधी भिंतीवरच्यापेक्षा सरस. हप्ते विचारायलाही लाजू नका. माझी निम्मी चित्रं दोन किंवा तीन हप्त्यांत आली आहेत. एका ज्येष्ठ चित्रकार बाईंनी तर पहिला हप्ता घेऊन चित्र लगेच हातात दिलं आणि म्हणाल्या, "फ्रेम चांगली करा म्हणजे झालं." दोन चित्रं एकदम घेतलीत तर थोडी सवलत बहुधा न मागताच मिळते.

पाचवी पायरी: घेण्याआधी वस्तू म्हणून तपासा

चित्र आवडलं की डोळे मिटतात. म्हणून ही तपासणी ठरवून करा. कागद कोणता? हस्तनिर्मित किंवा चांगला सुती कागद टिकतो, कार्डशीट काही वर्षांत पिवळी पडून ठिसूळ होते. रंग कोणते? झगमगीत गुलाबी, पोपटी आणि स्केचपेनची शाई उन्हात लवकर उडते. कॅनव्हास मागून बघा: चौकट सरळ आहे का, कापड सैल पडलंय का, ओल लागल्याचे डाग आहेत का. तैलरंगाचा जाड थर असेल तर तो वाळलाय का विचारा. वरून कोरडा वाटणारा थर आत महिनोन् महिने ओला राहतो आणि कुरिअरमध्ये प्लास्टिकला चिकटतो. विद्यार्थ्यांच्या कामात चिकटवलेले कागद, फेव्हिकॉल, वर्तमानपत्राचे तुकडे असतात. आवडलं तर जरूर घ्या, पण ते आपल्याइतकंच म्हातारं होणार हे मनाशी धरा.

सहावी पायरी: कागद

पावतीवर चित्रकाराचं नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, आकार, साल आणि रक्कम हवी. 'एक पेंटिंग' असं लिहिलेली पावती रद्दी आहे. सोबत चित्रकाराच्या सहीचं प्रमाणपत्र घ्या, त्यावर चित्राचा छोटा फोटो छापलेला असावा. नाहीतर कोणतंही प्रमाणपत्र कोणत्याही चित्राला चालतं. चित्रकार समोर असेल तर मागच्या बाजूला नाव-साल लिहून घ्या, कॅनव्हास असेल तर लाकडी चौकटीवर, कागद असेल तर पेन्सिलीनं. बॉलपेन कागदावर कधीही नाही, त्याची शाई आणि दाब पुढच्या बाजूला उमटतो. प्रदर्शनाचं निमंत्रण, कॅटलॉग, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सगळं एका फाइलमध्ये. पैसे बँकेतून द्या. रोखीत सूट मिळते, पण पुढे खरेदी सिद्ध करता येत नाही.

चित्र तुमचं झालं तरी त्याच्या प्रती काढायचा हक्क तुमचा होत नाही. कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, लेखी करारानं दिला नसेल तर. दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर ते छापायचं असेल तर विचारा. अपवाद तुम्ही पैसे देऊन सांगून करवून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा. वेगळा करार नसेल तर त्याचा कॉपीराइट तुमच्याकडे येतो.

परदेशी राहणाऱ्यांसाठी एक सूचना. आजच्या चित्रकाराचं काम बिनदिक्कत नेता येतं, पावती हाताशी ठेवा. पण रविवर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ ठाकूर अशा नऊ चित्रकारांची कामं राष्ट्रीय कलाठेवा ठरली आहेत, ती देशाबाहेर जात नाहीत. आजोबांच्या घरातलं काही जुनं दिसणारं न्यायचं असेल तर ते पुरावस्तू नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी काढा, विमानतळावर वाद घालण्यात अर्थ नाही.

सातवी पायरी: फ्रेम आणि पावसाळा

कोपऱ्यावरचा फ्रेमवाला देवाच्या तसबिरी उत्तम करतो. चित्र दिलंत तर तो प्रेमानं ते हार्डबोर्डला फेव्हिकॉलनं चिकटवेल किंवा लॅमिनेट करून देईल. या दोन्हीनंतर चित्र संपलं. आम्लरहित माउंट मागा, चित्र वरच्या दोन कोपऱ्यांना कागदी बिजागरीनं टांगलेलं हवं, काचेला टेकता कामा नये. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळते. दहा रुपयांच्या या तुकड्यांनी कोकणपट्टीतली जितकी चित्रं वाचवली असतील तितकी कुठल्याच महागड्या काचेनं वाचवली नसतील.

मला हे उशिरा कळलं. ठाण्याच्या घरात पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर एक जलरंग लावलं होतं. ऑगस्टमध्ये आभाळाच्या भागात तपकिरी ठिपके दिसायला लागले. मला वाटलं, चित्रकारानं मुद्दाम काढलेत, आपलंच लक्ष नव्हतं. ऑक्टोबरात ते दुप्पट झाले. बुरशी होती. म्हणून पाऊस झेलणारी भिंत, स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत आणि दुपारचं ऊन येणारी भिंत, या तीन सोडून जी उरेल ती चित्राची. आईचा "लावणार कुठे?" हा प्रश्न मला इथे आठवतो. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांनी चित्र उतरवून मागे बघा. काच पुसताना फवारा कापडावर मारा, काचेवर नको. बुरशी दिसली तर ते चित्र बाकीच्यांपासून वेगळं करा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं जतन केंद्र आहे. कापलेला बटाटा किंवा खोबरेल तेल फिरवून तैलचित्र उजळतं असं सांगणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांना चित्रापासून लांब ठेवा.

आणि विकायचं झालंच तर

एकदा प्रयत्न केला. घर बदलताना तीन चित्रं काढून टाकावीत असं ठरलं. एका गॅलरीनं नम्रपणे सांगितलं, "या चित्रकाराचं नवंच काम आमच्याकडे पडून आहे." लिलावगृहानं फोटो मागवले आणि उत्तर दिलं नाही. शेवटी एक चित्र घेतल्या किमतीला मित्राकडे गेलं, दोन परत भिंतीवर लागली. यातून नाराज व्हावं असं काही नाही, फक्त ही तयारी आधीपासून असावी.

विकून फायदा झाला तर त्यावर कर लागतो. घरातल्या खुर्ची-टेबलासारखी सूट चित्राला नाही, ते भांडवली मालमत्ता धरलं जातं. चोवीस महिन्यांहून जास्त काळ ठेवलं असेल तर नफ्यावर १२.५ टक्के. नात्याबाहेरच्या कुणी पन्नास हजारांहून जास्त किमतीचं चित्र भेट दिलं तर तेही तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. गृहविम्यात चित्रं आपोआप येत नाहीत, यादी आणि मूल्यांकन देऊन ती घालून घ्यावी लागतात. या तिन्ही ठिकाणी मघाची ती फाइल बाहेर काढावी लागते.

माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर सगळ्या चित्रांची क्रमांकवार यादी आहे: काय, कुणाचं, केव्हा, केवढ्याला, सध्या कुठे टांगलंय. गेल्या गणपतीत नवी नोंद करायला ती काढली तर सात नंबरच्या ओळीपुढे मुलीनं स्वतःचं नाव लिहून ठेवलेलं दिसलं. पेन्सिलीनं.